दारू महाग झाली, पण तो पैसा वस्तीत कधी येणार?

जून 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले. विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होते, ते साडेचारपट झाले. देशी दारूचे शुल्क प्रूफ लिटरमागे 180 रुपयांवरून 205 रुपये झाले. 180 मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत ठरली ती अशी : देशी 80 रुपये, नव्याने जन्माला घातलेली 'महाराष्ट्र मेड लिकर' 148 रुपये, विदेशी मद्य 205 रुपये आणि उंची विदेशी मद्य 360 रुपये. यातून सरकारच्या तिजोरीत वर्षाला सुमारे 14 हजार कोटी रुपये जादा येतील, असा अंदाज सांगितला गेला.

निर्णयानंतर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. एक गट म्हणाला, बरे झाले, महाग झाली की लोक कमी पितील. दुसरा गट म्हणाला, पिणारा पिणारच, मरण गरिबाच्या बायकोचे. आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांतही हीच फाळणी दिसली. आमचे म्हणणे असे आहे की दोन्ही गट अर्धे खरे बोलतात आणि दोघांच्याही हातून मुख्य प्रश्न निसटतो.

आधी पहिल्या गटाचे खरे काय ते मान्य करू. किंमत वाढली की दारूचा खप घटतो, हे जगभर अनेकदा तपासून झाले आहे. शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून 2009 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार किंमत 10 टक्के वाढली तर एकूण खप साधारण 4 ते 5 टक्के घटतो. पण त्याच अभ्यासात असेही दिसते की जे जास्त पितात त्यांचे पिणे जेमतेम 3 टक्क्यांनी कमी होते. म्हणजे कधीतरी घेणारा हात आखडतो, रोजचा पिणारा त्या मानाने फारच कमी.

स्कॉटलंडचे उदाहरण नेहमी दिले जाते, ते नीट पाहू. तिथे 1 मे 2018 पासून दारूतल्या अल्कोहोलच्या प्रत्येक युनिटला किमान 50 पेन्स किंमत बांधून दिली गेली. 2023 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू त्या काळात सुमारे 13 टक्क्यांनी घटले, आणि सर्वात जास्त घट झाली ती गरीब वस्त्यांत. 'गरिबाला फायदा होत नाही' म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. पण त्याच स्कॉटलंडमध्ये ज्यांना दारूचे पूर्ण व्यसन जडले होते त्यांचे पिणे कमी झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्यातल्या काहींनी खाण्यापिण्याचा खर्च कापला आणि बाटली चालू ठेवली. हे 'किंमत वाढवा' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आता महाराष्ट्रात या. स्कॉटलंडमध्ये नाही अशी एक गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे हातभट्टी. तिथे दारू महागली तर माणसाला पुढचा पर्याय फारसा नाही. आपल्याकडे देशीच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत गूळ आणि नवसागराची पिशवीतली गावठी मिळते, तीही उधारीवर. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. 2024 च्या जूनमध्ये तामिळनाडूत कल्लकुरिचीला साठहून अधिक माणसे गेली. तिथे सरकारी दुकानातून दारू उघड विकली जाते. तरीही माणसे मिथेनॉल मिसळलेली प्यायली, कारण ती स्वस्त होती. मेलेल्यांत कोण होते? रोजंदारीवाले, हमाल, सफाई कामगार. कायदेशीर बाटलीची किंमत वाढवताना बेकायदा पिशवीचा विचार न करणे म्हणजे या माणसांचा जीव हिशेबातच न धरणे.

सरकारने पायऱ्या कशा बांधल्या, तेही पाहा. देशी 80, मग 148, मग 205. कालपर्यंत सव्वाशे-दीडशेला विदेशी क्वार्टर घेणाऱ्यासाठी मधली पायरी मुद्दाम तयार केली आहे. तो पिणे सोडणार नाही, एक पायरी खाली उतरेल. ही मधली पायरी धान्यापासून, राज्यातल्याच उत्पादकांनी बनवायची आहे. लोकांनी कमी प्यावे हा हेतू असता तर स्कॉटलंडसारखी किंमत अल्कोहोलच्या प्रमाणावर बांधली असती. इथे ती बाटलीच्या जातीवर बांधली आहे. आणि हे आजचे नाही. याच राज्याने 2007 मध्ये धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे 10 रुपये अनुदान देण्याचे धोरण आणले. नोव्हेंबर 2021 मध्ये आयात स्कॉचवरचे शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणले. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले, ते विरोधामुळे अडले. वरच्या वर्गाची बाटली स्वस्त करताना सरकारला कुणाच्या तब्येतीची आठवण झाली नव्हती.

एक साधा हिशेब मांडू. रोज दोन क्वार्टर देशी पिणारा माणूस पूर्वी 65 रुपयांप्रमाणे 130 रुपये देत होता, आता 160 देईल. दिवसाला 30 रुपये, महिन्याला 900. म्हणजे एक गॅस सिलिंडर. त्याने एक क्वार्टर कमी केली तर घराचे भले झाले. नाही केली तर हे 900 रुपये कुठून येतात? वस्तीत काम करताना आम्हाला याचे उत्तर दर महिन्याला दिसते. ते धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पगारातून येतात, बचत गटाच्या हप्त्यातून येतात, मुलीच्या क्लासच्या फीमधून येतात. सरकारचा कर नवऱ्याने भरल्यासारखा दिसतो, पण तो बायको भरते. त्या 14 हजार कोटींत तिचा वाटा मोठा आहे आणि तो कुठल्याच अर्थसंकल्पात तिच्या नावावर लिहिलेला नसतो.

इथे काही मंडळी म्हणतात, मग सरळ दारूबंदीच करा. संविधानाच्या अनुच्छेद 47 मध्ये तसे मार्गदर्शक तत्त्व आहेच. महाराष्ट्रात तर 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला बंदी आली आणि 2021 ला सरकारने ती उठवली. बिहारमध्ये 2016 पासून बंदी आहे, पण डिसेंबर 2022 मध्ये सारण जिल्ह्यात सत्तरहून अधिक लोक विषारी दारूने मेले. तुरुंगात गेलेल्यांत दलित आणि अतिमागास किती, हे तिथल्या कोणत्याही कोर्टाच्या व्हरांड्यात दिसते. आपल्याकडेही 1981 च्या ज्या कायद्याने हातभट्टीवाल्याला स्थानबद्ध करतात, त्याच्या नावात 'झोपडपट्टी गुंड' आणि 'हातभट्टीवाले' शेजारी शेजारी बसवले आहेत. मिथेनॉलचा टँकर कारखान्यातून बाहेर काढणारा कुठल्या झोपडपट्टीत राहतो, हे आम्हाला कुणीतरी सांगावे.

बाबासाहेबांची भूमिका या बाबतीत फार कमी वाचली जाते. 1951 च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी सरकारी दारूबंदीला स्पष्ट विरोध केला. बंदीमुळे घरोघरी बेकायदा दारू गाळली जाते, पूर्वी पुरुषांपुरते असलेले पिणे बायका-मुलांपर्यंत पोचते, आणि सरकारचा महसूल बुडतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. हेच बाबासाहेब 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्य न पिण्याची प्रतिज्ञा घालतात. पंचशीलातले पाचवे शील तर तेच आहे. काहींना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. शील हे माणसाने स्वतः समजून स्वीकारायचे असते, पोलिसाच्या दांडक्याने पाळायचे नसते. आणि राज्याने महसूल गोळा करायचा तो लोकांच्या उन्नतीसाठी. जाहीरनाम्यात दारूबंदी उठवून वाचणारा महसूल हा विकासाला पैसा उभा करण्याचा एक मार्ग म्हणूनच मांडला आहे.

महात्मा फुल्यांनी 1880 मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरात दारूची नवी दुकाने उघडण्याला लेखी विरोध केला होता. त्या काळीही सरकारला अबकारीचा पैसा हवाच होता. जोतिरावांनी दुकानांकडे बोट दाखवले. आज आपण पिणाऱ्याच्या चारित्र्याकडे बोट दाखवतो आणि दुकानाचा परवाना कुणाच्या नावावर आहे हे विचारत नाही.

म्हणून आमचा प्रश्न किंमत वाढवावी की नाही एवढ्यावर थांबत नाही. वाढवा, आमचा विरोध नाही. नव्याने पिऊ लागलेल्या विशीतल्या पोराला महाग बाटली थोडी तरी अडवते, आणि तेवढ्यासाठीही ती वाढ योग्य आहे. पण ज्याला व्यसन जडले आहे त्याच्यासाठी किंमत हे औषध नाही. तो आजारी आहे आणि आजाऱ्याला दवाखाना लागतो. 2019 मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल आला. देशात सुमारे 5 कोटी 70 लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांत फक्त एकाला कसले तरी उपचार मिळतात, असे त्यात म्हटले आहे. उरलेल्या 37 जणांकडून आपण फक्त शुल्क घेतो.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवायचे तर कंत्राटी कामगाराचे दोन-तीन पगार जातात. सरकारी रुग्णालयात गेले तर हातपाय थरथरणाऱ्या माणसाला 'आधी दारू सोड, मग ये' असे ऐकावे लागते. रोजची दारू एकदम तोडली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो, ही माहितीसुद्धा वस्तीत पोचलेली नाही. बुवा-बाबा, गंडेदोरे आणि चोरून पाजायच्या पावडरी मात्र पोचल्या आहेत.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, वाढीव शुल्काचे 10 टक्के, म्हणजे सरकारच्याच अंदाजाने वर्षाला 1,400 कोटी, व्यसन उपचारासाठी कायद्याने राखून ठेवा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी व्यसनमुक्तीची ओपीडी, औषधे आणि समुपदेशक असू द्या. गडचिरोलीत 'मुक्तिपथ'ने गावपातळीवरचे संघटन आणि तालुक्यातले उपचार यांची जोड घालून दाखवली आहे, तेव्हा हे अशक्य म्हणू नका.

दुसरी, छाप्यांचा रोख बदला. पाच लिटर विकणाऱ्या विधवेला उचलण्याआधी मिथेनॉल आणि स्पिरिटची गळती कुठून होते ते शोधा. राज्य उत्पादन शुल्क विभागात बाराशेच्या वर नवी पदे मंजूर झाली आहेत. त्यांतली माणसे वसुलीला लावणार की विष अडवायला, हे जाहीर करा.

तिसरी, उभी बाटली-आडवी बाटलीचा नियम सुधारा. दुकान बंद करायला आज यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. मतदानाला न आलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूने धरली जाते. या अटीवर निवडून यायचे ठरले तर विधानसभेत किती आमदार उरतील? झालेल्या मतदानाचे बहुमत पुरेसे धरा.

चौथी, माणूस का पितो याकडे बघा. गटारात उतरणारा कंत्राटी कामगार सांगतो की शुद्धीत ते काम करवत नाही. त्याला यंत्र, हातमोजे, कायम नोकरी आणि पूर्ण वेतन मिळाले पाहिजे. त्याच्या क्वार्टरवर कर बसवून हा प्रश्न सुटत नाही.

आणि शेवटी आपल्या घरातले. सरकारकडे मागणी करताना आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागे काय चालते, निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत पेट्या कोण उतरवतो आणि कोण उतरवून घेतो, हेही बोलले पाहिजे. बुद्ध विहारात रविवारी पंचशील म्हणायचे आणि पाचव्या शीलाच्या वेळी आवाज बारीक करायचा, हे पुरे झाले. प्रत्येक विहारात महिन्यातून एक सायंकाळ पिणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ठेवा. उपदेश नको. बसून ऐका, आणि रुग्णालयात सोबत जायला दोन माणसे तयार ठेवा. याला 14 हजार कोटी लागत नाहीत.

किंमत वाढवून सरकारने आपला हिशेब पूर्ण केला आहे. आता आपण आपला हिशेब मागायचा आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला एकच प्रश्न लेखी विचारा : आमच्या तालुक्यातून दारूचे शुल्क किती गेले, आणि उपचारासाठी परत किती आले?

जय भीम!