चूक तुमची, भुर्दंड आमचा?

परवा रात्री साडेनऊची वेळ. अमळनेरच्या बाजारात पाइप-फिटिंगच्या एका दुकानाचं शटर अर्धं खाली, आणि मालक संगणकासमोर कॅल्क्युलेटर घेऊन दिवसभराची बिलं पुन्हा जोडत बसलेले. परतीचा माल नोंदला की बिलाची रक्कम घटते, कर मात्र तेवढाच राहतो. सॉफ्टवेअर घेतलं त्या दिवसापासूनची ही खोड. विकणाऱ्याला फोन केला की ठरलेलं उत्तर : "एएमसी (वर्षाची देखभाल-वर्गणी) संपलीये, आधी ती भरा, मग बघू." शेटजींनी आम्हालाच विचारलं, "भाऊ, पैसा बी मन्हा, चूक बी मन्हीच का?"

नाही, शेटजी! चूक बनवणाऱ्याची आहे आणि ती फुकट निस्तरणं हे त्याच्या डोक्यावरचं कर्ज आहे. याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तीच पुढे विप्रो म्हणून सॉफ्टवेअरमध्ये शिरली. तुपाचा डबा खवट निघाला तर दुकानदार बदलून देतो. त्यासाठी वर्षाची वर्गणी मागत नाही.

नवी सोय हवी तर नवे पैसे, हे आम्हाला मान्य आहे. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले, तसं काही झालं की प्रोग्रामरला नव्याने राबावं लागतं आणि त्याची मजुरी बुडवू नये. पण पहिल्या दिवशीच चुकलेल्या वजाबाकीची कसली मजुरी?

सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात ठरवलं की तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, म्हणून त्यावर तेव्हाचा विक्रीकर लागतो. कर घेताना माल, आणि जबाबदारीची वेळ आली की 'जसं आहे तसं' वापरायचा नुसता परवाना? ही सरळसरळ लूट आहे! आणि जुन्या मालाला हात लावता येत नाही, ही सबबही खोटी. विंडोज एक्सपीचा आधार कंपनीने ८ एप्रिल २०१४ला तोडला होता. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनमधली कित्येक रुग्णालयं ठप्प केली, तेव्हा त्याच एक्सपीची दुरुस्ती फुकट वाटावी लागली. युरोपीय संघाने तर सॉफ्टवेअर नीट चालू ठेवणारी अपडेट ग्राहकाला देणं विक्रेत्यावर २०१९च्या कायद्याने बंधनकारकच केलं.

आपल्या २०१९च्या ग्राहक कायद्यात अन्यायकारक कराराविरुद्ध दाद आहे, पण ती राज्य आयोगापुढे. पाइप विकणाऱ्याने दुकान बंद ठेवून तिथे खेटे घालायचे? हा अधिकार जळगावच्या जिल्हा आयोगाला द्या. मूळ दोष किती वर्षं फुकट दुरुस्त करणार, ते विक्रेत्याने बिलावरच छापावं, असा नियम करा. तोवर अमळनेरच्या व्यापाऱ्यांनी ही ओळ लेखी मागावी, आणि ती मिळेपर्यंत एक रुपयाही सोडू नये.