बचत पुढचे दिसण्यात आहे



'स्वयंचलित गाडीचे संगणकच इंधन खातील' हे गेल्या अंकातील पत्र अर्धेच खरे आहे. संगणकांना वीज लागते, मान्य. पण अमेरिकेच्या ऊर्जा विभागातील आर्पा-ई संस्थेने २०१६ मध्ये 'नेक्स्टकार' हा स्वयंचलित गाड्यांसाठीचा कार्यक्रम हाती घेतला, तो ऊर्जेचा वापर २० टक्के घटवण्याचे लक्ष्य ठेवूनच. पुढचा चढ, सिग्नल आणि वाहतूक आधी कळली, की इंजिन कमी फेऱ्यांत, वरच्या गिअरवर ठेवता येते. उतार येण्यापूर्वीच अ‍ॅक्सिलरेटर सोडता येतो. त्यामुळे ब्रेक कमी लागतो; ब्रेक दाबला, की जाळलेल्या इंधनातून मिळालेली गती उष्णता होऊन वाया जाते. घाटात मुरलेला चालक ही बचत अंदाजाने साधतो (माझे वडील साधत). इंजिनाला ती नजर मिळावी, हीच माझी कळकळ आहे.

– एक वाचक, पुणे