मागच्या सीटवरचा मेंबर

शुक्रवारची संध्याकाळ. बॉसने चक्क साडेसहाला सोडलंय. घरी येऊन बॅगा भरायच्या, नवऱ्याला ‘आवर रे’ म्हणून तीनदा ओरडायचं आणि गाडीची किल्ली उचलायची. किल्ली वाजली रे वाजली की आमच्या घरातला तिसरा मेंबर दारात हजर! शेपूट अशी गरगरतेय की पंखा लावायची गरज नाही.

हा मेंबर म्हणजे मस्का. नावावरून मुलगा वाटेल, पण मुलगी आहे. वजन १८ किलो, जात अस्सल गल्लीतली आणि रुबाब मात्र पेडर रोडचा. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली आणि तिथून थेट आमच्या सोफ्यावर चढली.

गेल्या पावसाळ्यापर्यंत मस्काला गाडीत ठरलेली अशी जागा नव्हती. अख्खी मागची सीट तिची. कधी या खिडकीला, कधी त्या खिडकीला आणि फेव्हरिट जागा म्हणजे पुढच्या दोन सीटच्या मधली फट. तिथे तोंड घालायचं, एसीची हवा खायची आणि नवऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवायची. सो क्यूट! माझ्या मोबाइलमध्ये तसले निदान पन्नास फोटो असतील.

मग एका रविवारी सकाळी पुण्याला सासरी जाताना, बोरघाट चढत असताना, पुढच्या टेम्पोने इंडिकेटर न देता लेन बदलली. नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. आमचा स्पीड असेल पन्नासच्या आसपास. धडक झाली नाही. गाडीला साधा ओरखडाही नाही. आम्ही दोघं बेल्टमुळे जागच्या जागी.

मस्का मात्र त्या फटीतून गोळीसारखी पुढे आली आणि डॅशबोर्डवर आपटली. हनुवटी फाटली, एक सुळा मधोमध तुटला. आणि जे मला आजही आठवतं ते वेगळंच आहे. तिला पकडायला नवऱ्याचा डावा हात आपोआप सुटला. घाटात, रविवारच्या ट्रॅफिकमध्ये, स्टिअरिंगवर एक हात आणि नजर रस्त्यावर नाही तर कुत्रीवर. दोन सेकंद असतील. मागून एखादा कंटेनर येत असता तर हा कॉलम लिहायला मी नसते.

पुण्यात डॉक्टरांनी टाके घातले, नंतर तो सुळा काढावा लागला. वर ते शांतपणे म्हणाले, ‘‘नशीब समजा. नुसता ब्रेकच होता.’’

त्या ‘नुसता ब्रेक’चा अर्थ मला कळला तो त्याच रात्री, अकरावीचं फिजिक्स आठवून कागदावर आकडेमोड केल्यावर. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळली आणि आतला जीव साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या जवळपास वीसपट जोर येतो. म्हणजे आमची १८ किलोची मस्का साडेतीनशे किलोच्या जोराने पुढे येणार. ३० किलोचा लॅब्रेडॉर सहाशेच्या आसपास. आणि तुमचा तो मांडीवर मावणारा आठ किलोचा पग? दीडशेच्या वर. आता सांगा, दीडशे किलो हाताने कोण धरून ठेवणार? ‘मी घट्ट पकडते ना त्याला’ हे वाक्य त्या रात्रीपासून आमच्या घरात बंद झालं.

पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणाऱ्यांसाठी तर आणखी एक भेट आहे, एअरबॅग. ती तुमच्या छातीसाठी बनवलीय. मधे कुत्रा असला तर ती आधी त्याच्यावर फुटणार. आणि ड्रायव्हरच्या मांडीवर? प्लीज, नकोच. आपल्या मोटार वाहन कायद्याचं १२५ वं कलम सरळ सांगतं की गाडीवरच्या ताब्यात अडथळा येईल असं कुणालाही बसवायचं नाही आणि काहीही ठेवायचं नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये तर कुत्र्याला गाडीत नीट बांधून किंवा बंदिस्त ठेवण्याचा वेगळा नियमच आहे, ५७ नंबरचा. जर्मनीत रस्त्याच्या नियमांपुरता कुत्रा म्हणजे चक्क सामान! ऐकायला वाईट वाटतं, पण सामान घट्ट बांधून न्यायची जबाबदारी ड्रायव्हरची, हे त्यात आपोआप आलं.

तर मग बाजारात जाऊया. पेट शॉपमध्ये ‘सीट बेल्ट’ या नावाखाली जे पहिलं हातात ठेवतात तो दीड-दोन फुटांचा पट्टा असतो. एका टोकाला बकलमध्ये अडकवायची पट्टी, दुसऱ्या टोकाला हूक. दुकानदार तो हूक गळ्याच्या कॉलरला लावून दाखवतो. तिथेच हात जोडा. कॉलरला लावला की ब्रेकचा सगळा झटका मानेवर. हूक नेहमी हार्नेसला, तोही पाठीवरच्या कडीला. हार्नेस छातीवर रुंद आणि जाड अस्तराचा हवा. शिवण ओढून बघा. प्लास्टिकच्या क्लिपवर सगळा भार असेल तर ते फिरायला न्यायचं हार्नेस आहे, गाडीचं नाही. गाडीच्या हार्नेसला पाठीमागे एक जाड लूप असतो आणि गाडीचाच सीट बेल्ट त्यातून ओवून बकलमध्ये लावायचा असतो. हा प्रकार मला सगळ्यात पटला.

पण ‘क्रॅश टेस्टेड’ असं पाकिटावर छापलंय म्हणून लगेच कार्ड काढू नका. अमेरिकेत लिंडसे वोल्को नावाच्या बाईंची कुत्री हार्नेस घातलेलं असूनही अचानक ब्रेकमध्ये जखमी झाली. बाई गप्प बसल्या नाहीत. २०११ मध्ये त्यांनी ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ ही संस्था काढली आणि २०१३ मध्ये कुत्र्याच्या वजनाचे पुतळे वापरून बाजारातली हार्नेस तपासली. (खरी कुत्री नाही हो, पुतळेच!) बऱ्याच नामांकित हार्नेसनी दगा दिला. अमेरिकेतसुद्धा या वस्तूंना सरकारी सक्तीचा निकष नाही, तेव्हा पाकिटावर काय छापायचं हे कंपनीच्या हातात. म्हणून विचारा : टेस्ट कुणी केली, किती वजनाच्या पुतळ्यावर केली, व्हिडिओ आहे का?

पट्ट्याची लांबी ही दुसरी गंमत. प्रेमापोटी आपण तो सैल सोडतो. बिचारीला हिंडू दे! पण पट्टा जितका लांब तितकी ती आधी उडणार आणि मग हिसका बसून थांबणार. उठून बसता येईल, आडवं होता येईल, पण पुढच्या दोन सीटच्या मधे तोंड पोहोचणार नाही, एवढीच लांबी ठेवायची. मस्काने पहिल्या महिन्यात पंजाने बकलचं लाल बटण दाबून स्वतःची सुटका करून दाखवली. दोनदा! आता तिची जागा अशी ठरलीय की बटण तिच्या अंगाखाली येत नाही.

सीटवर अंथरतात ते झोळीसारखं कव्हर छान आहे. केस आणि चिखल वाचतो, कुत्रा सीटखाली घसरत नाही. पण त्याने कुत्रा थांबत नाही. पुढच्या सीटच्या मागे लावायची जाळी ड्रायव्हरला वाचवते, कुत्रा मात्र त्याच जाळीवर आपटणार. दोन्ही घ्या हवं तर, पण हार्नेसच्या जोडीला.

क्रेटचं प्रकरण जरा मोठं. छोट्या कुत्र्यांसाठी सोपं आहे. बंद कॅरिअर पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवतो त्या जागेत खाली घट्ट बसवायचा. जर्मनीची ‘एडीएसी’ ही मोटार संघटना हेच सुचवते. मोठा क्रेट असेल तर डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटवून, आडवा. कुत्र्याला उभं राहता, वळता आणि झोपता आलं की बास. टू बीएचके नको, जितकी मोकळी जागा तितका आत आपटणार. क्रेट डिकीतल्या कड्यांना पट्ट्यांनी बांधायचा, कारण न बांधलेला क्रेट म्हणजे कुत्र्यासकट उडणारी पेटी. आणि ज्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी बसलीय त्यांनी हा पॅरा सोडून द्या, तुमच्यासाठी हार्नेस जिंदाबाद.

मस्का दोन महिने गाडीजवळ यायलाही तयार नव्हती. किल्ली वाजली की पलंगाखाली. ज्या आवाजावर ती नाचायची त्याच आवाजाला घाबरलेली बघणं म्हणजे... जाऊ दे. आम्ही शून्यापासून सुरुवात केली. आधी घरातच हार्नेस घालून जेवण. मग बंद गाडीत बसून चीजचा एक तुकडा आणि लगेच घरी. मग इंजिन चालू, गाडी जागेवर. मग सोसायटीला एक चक्कर. शेजारच्या काकांना वाटलं आमच्यात भांडण झालंय आणि मी रोज रात्री गाडीत जाऊन बसते. पाचव्या आठवड्यात ती स्वतःहून चढली.

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला नको, नाहीतर घाटात सगळं बाहेर. दर दोन तासांनी ब्रेक. आणि ब्रेकच्या वेळी आधी लीश लावायची, मगच दार उघडायचं. हा क्रम उलटा झाला की कुत्रा एक्स्प्रेस वेवर. अपघातानंतरही नेमकं हेच होतं. दार उघडतं, घाबरलेला कुत्रा ट्रॅफिकमध्ये सुसाट पळतो. बांधलेला असेल तर निदान जागेवर सापडतो. गळ्यात मोबाइल नंबरची चकती असू द्या, तिच्यासाठी कॉलर चालते. खिडकीतून बाहेर डोकं काढणं फिल्मी दिसतं, पण धूळ-खडे थेट डोळ्यात जातात. आणि पॉवर विंडोच्या बटणावर पंजा पडला की? मागच्या काचा लॉकच ठेवा.

एक गोष्ट मात्र मी ओरडून सांगणार. फूड मॉलवर ‘फक्त वडापाव घेऊन येतो, पाच मिनिटं’ म्हणून कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका. बाहेर ३५ डिग्री असेल तर दहा मिनिटांत गाडीत ४५ च्या वर जातं आणि अर्ध्या तासात ५४ च्या घरात. काच चार बोटं उघडी ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो आणि हवाच तापलेली असली की धापांचाही उपयोग संपतो. २००३ च्या त्या हचच्या जाहिरातीनंतर ज्यांच्या घरी पग आले, त्यांनी तर जास्तच जपायचं, चपट्या नाकाला धापसुद्धा धड टाकता येत नाही. आम्ही आता आळीपाळीने वडापाव खातो. गार होतो, पण चालतं.

खरी लढाई झाली ती सासूबाईंशी. पहिल्यांदा मस्काला बांधलेलं पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ‘‘अगं, लेकरू आहे ते. कैद्यासारखं कशाला बांधतेस? आमच्या वाड्यात मोत्या होता, ट्रकच्या टपावर बसून जायचा.’’ मोत्या कसा गेला हे मी विचारलं नाही. फक्त मस्काचा ओठ वर करून सुळ्याची रिकामी जागा दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण तिच्या डोक्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या.

गेल्या महिन्यात आम्ही त्यांना घेऊन वाईला गेलो. मस्का मागे डावीकडे, सासूबाई उजवीकडे. गाडी गेटमधून बाहेर पडतेय तोच मागून आवाज, ‘‘थांब रे! हिचा पट्टा लागलाय का बघू दे.’’ त्यांनी स्वतः लूप ओढून पाहिला, बकल खटकन लागलंय याची खात्री केली आणि समाधानाने मागे टेकून बसल्या.

२०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले तेव्हा ते मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसले होते, ही बातमी त्यांनीच मला वाचून दाखवली होती. नवऱ्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

‘‘आई, आणि तुझा?’’

‘‘मला कशाला? मी काय कुत्रं आहे का?’’

गाडी गेटातच उभी राहिली. मागे एक रिक्षावाला हॉर्न मारत होता. नवरा ढिम्म. शेवटी कुरकुरत त्यांनी बेल्ट ओढला, तो अर्थात अडकला आणि मग मी मागे वळून, मस्काला ओलांडून तो लावून दिला. मस्काने तेवढ्यात माझा कान चाटून घेतला.