धर्मवचन आणि सरकारी तिजोरी

पृथ्वी ही ईश्वराची ठेव आहे, असे सर्वच धर्म सांगत आले आहेत. परंतु त्या ठेवीच्या राखणीचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न निघाला की प्रवचने सहसा थांबतात. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली काढलेल्या ‘लाउदातो सी’ या धर्मपत्राचे महत्त्व आम्हांस याच ठिकाणी वाटते. एकेका व्यक्तीच्या सदाचरणाने हे संकट टळणारे नाही. त्यास समाजाची संघटित कृती आणि राज्यसंस्थेचा अधिकार हवा, असे त्यात मांडलेले आहे. अमेरिकेने 2014 साली गरीब देशांसाठीच्या हरित हवामान निधीस 3 अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले आणि 2017 साली, 1 अब्ज दिल्यावर, हात आखडता घेतला. तेथील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने मात्र सरकारने हा पैसा द्यावा, अशीच भूमिका घेतली.

हे सारे परदेशचे, असे कोणी म्हणू नये. उस्मानाबादच्या 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 2024 साली निवर्तलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या विहिरी आणि बागा वाचविण्यासाठी ‘हरित वसई’ची चळवळ चालविली. पाण्यासाठी झगडणे हाही त्यांनी आपल्या पौरोहित्याचाच भाग मानला.

आमचा यवतमाळ जिल्हा अमरावतीच्या कॅथलिक धर्मप्रांतात मोडतो. येथे कॅथलिकांची संख्या थोडी. पण प्रश्न संख्येचा नव्हेच. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह हे जलाशय आटले, तेव्हा टँकरपुढील रांगेत सर्व धर्मांचे लोक उभे होते.

सार्वजनिक पैशाने काय साधते, हे या जिल्ह्यास नव्याने शिकविण्याची गरज नाही. 1972 च्या दुष्काळात राज्यात रोजगार हमीची योजना सुरू झाली, तेव्हा पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. तिच्या खर्चासाठी 1975 च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापलेल्या पैशातून खेड्यातील पाझर तलाव व नालाबांध उभे राहिले. पुढे सुधाकरराव नाईकांच्या कारकीर्दीत, 1992 साली, जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले. त्यांचा 10 मे हा स्मृतिदिन जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो, तो उगीच नव्हे.

तथापि कर बसला म्हणजे काम झाले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून 2010 साली देशातील कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसला. 2016 साली तो 400 रुपये झाला. आमच्या वणी परिसरातील कोळसाही त्यातून सुटला नाही. 2017 साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा या उपकराची जागा नव्या उपकराने घेतली आणि त्याचे उत्पन्न राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळले. राज्यांना भरपाई मिळणे न्याय्यच होते. परंतु ज्या कारणासाठी पैसा घेतला ते कारण मागे पडले, आणि त्याबद्दल कोणत्याही व्यासपीठावरून फारसा आवाज उठला नाही. कोळशाची धूळ तेवढी वणीकरांच्या वाट्यास राहिली.

हा आवाज उठविण्याचे काम धर्माचे नाही, असा आक्षेप घेतला जाईल. कोणत्या पक्षास मत द्यावे हे धर्मपीठांनी सांगू नये, हे आम्हांसही मान्य आहे. पण गरिबाच्या पाण्यासाठी ठेवलेला पैसा त्याच कामी लागला की नाही, हे विचारणे म्हणजे पक्षकारण नव्हे. चर्चमधील फादरांनी, मंदिरातील कीर्तनकारांनी, मशिदीतील मौलवींनी अर्थसंकल्पापूर्वी आपल्या आमदारांस एवढेच विचारावे : माती आणि पाणी यांसाठी या जिल्ह्यास किती मिळणार, आणि मागील रकमेचे काय झाले?

आणि आपण पगारदारांनीही वेतनपत्रकातील व्यवसाय कराच्या कपातीवर कुरकुर करण्यापेक्षा तिचा हिशेब मागावा. कर देणे हे कर्तव्य खरे. परंतु हिशेब मागितल्याशिवाय ते पुरे होत नाही.