घरी वाचून दाखवायचं, पण कुणी?

'मुलांना रोज घरी वाचून दाखवा,' असं पालकसभेत सांगतात. जिला शाळाच मिळाली नाही, त्या आईने काय वाचावं? बाबासाहेबांच्या घरी वाचन होतं, कारण सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. तशी संधी किती घरांना होती? २०२१ च्या 'निपुण भारत'चं ध्येय आहे, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावं. चांगलंच. पण समाजशास्त्राची संशोधक म्हणून मला यात जात दिसते: आईवडील शिकलेलेच असणार, हे गृहीत.

आई गोष्ट तर सांगते ना? ती तिच्याच बोलीत ताईने वहीत लिहावी, धाकट्याने बोट ठेवून वाचावी. 'पानी'चं 'पाणी' करायची घाई नको. ताई नसेल तर संध्याकाळी विहारात कॉलेजातल्या कुणीतरी तासभर बसावं. आमच्या वस्तीत बसतात.