हबाचें सील : निवड डोळ्यांनीं नव्हे, मापानें व्हावी

पावसाळा तोंडावर आला कीं आमचे शेतकरी बंधू बियाणें, खत व औत-अवजारें यांची तजवीज करूं लागतात. घरीं ट्रॅक्टर असेल तर त्याचें इंजिनांतील तेल बदलतात, टायर पाहतात, रोटाव्हेटरचीं झिजलेलीं पातीं काढून नवीं बसवितात. परंतु जिच्या अभावीं ऐन चिखलणींत गाडी बांधांत उभी राहते त्या वस्तूकडे, म्हणजे चाकाच्या हबांतील व ॲक्सलच्या टोकावरील ऑईल सीलाकडे, फारच थोड्यांचें लक्ष जातें. चाकाच्या आंतल्या अंगास तेलाचा ओघळ दिसूं लागला म्हणजे मिस्त्रीकडे जावें, त्यानें दुकानांतून ‘तसलेंच’ एक सील मागवावें, हातोडीनें ठोकून बसवावें, आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां तोच ओघळ पाहावा, असा क्रम गांवोगांव चालू आहे. या क्रमांत दोष मिस्त्रीचा आहे त्याहून अधिक मालकाचा आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. पैसा मालकाचा जातो. बैल घेतांना दांत मोजणारा मनुष्य सील घेतांना मात्र डोळे मिटून घेतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

बैलगाडीच्या चाकाला हा प्रश्न नव्हता. आंसावर तुंबा फिरे, बाहेरून कुणी घातली कीं चाक अडकलें, आणि वंगण संपलें कीं पुन्हां घालीत. धूळ आंत जाई, काळें वंगण बाहेर येई. गतीच बैलाच्या पावलाची, त्यामुळें त्याचें कोणास कांहीं वाटत नसे. यांत्रिक चाकांत पोलादी बेअरिंगें आलीं आणि सर्व बदललें. हीं बेअरिंगें वाळूचा कणहि सहन करीत नाहींत. तेव्हां वंगण आंत कोंडावें व माती-पाणी बाहेर रोखावें, हीं दोन्ही कामें एका लहानशा कड्यावर येऊन पडलीं. आरंभीं तें कडें चामड्याचें अथवा नमद्याचें असे. जर्मनींतील फ्रॉयडेनबर्ग हा मूळचा चामडें कमावणारा कारखाना. त्यानें १९२९ च्या सुमारास चामड्याचीं सीलें करण्यास आरंभ केला, व पुढें थोड्याच वर्षांत चामड्याची जागा कृत्रिम रबरानें घेतली. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपच्या पुढील चाकांच्या वळत्या सांध्यांवर नमद्याचें सील होतें. याच जीपचे सुटे भाग आणून महिंद्रांनीं १९४७ च्या सुमारास मुंबईस जोडणी सुरू केली, आणि त्या वळणाच्या गाड्या डोंगराळ मुलखांत अजूनहि कामास आहेत.

हल्लींच्या सीलाची रचना साधी आहे. बाहेर लोखंडी कडें, त्याला चिकटविलेला रबराचा ओठ, आणि ओठ आंसावर दाबून धरणारी बारीक तारेची स्प्रिंग. हा ओठ कोरड्या आंसावर घांसण्यासाठीं केलेला नाहीं. त्याच्या व आंसाच्या मध्यें तेलाचा अतिशय पातळ थर राहतो व त्यावर तो तरंगतो. म्हणून जो मिस्त्री नवें सील कोरडेंच बसवितो तो त्याचा ओठ पहिल्या मैलांतच जाळतो. ओठास तेल अथवा ग्रीस लावल्याशिवाय सील बसवूं देऊं नये.

आतां निवडीविषयीं. दुकानदारास गाडीचें नांव सांगून सील मागण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. गांवांत एखाद्या शेतास कोणी ‘वडाचें’ म्हणतो, कोणी ‘पाटलाची पट्टी’ म्हणतो, आणि एकाच नांवाचीं तीन शेतें निघतात. दप्तर मात्र गट नंबर पाहतें. सीलाचा गट नंबर म्हणजे त्याचीं तीन मापें होत. सीलाच्या तोंडावर ३५-५२-७ असे आंकडे उठविलेले असतात. पहिला आंसाचा व्यास, दुसरा ज्या खोबणींत सील बसतें तिचा व्यास, तिसरा सीलाची रुंदी, सर्व मिलिमीटरमध्यें. एकाच नांवाच्या ट्रॅक्टरांत कारखाना मधूनच ॲक्सल बदलतो. नांव तेंच राहतें, माप बदलतें.

आंकडे पुसले गेले असतील तर माप घ्यावें, पण जुन्या सीलाच्या ओठाचें घेऊं नये. ओठ झिजून सैल झालेला असतो, आणि नवा असतांना तो आंसाहून मुद्दाम किंचित लहान ठेवलेला असतो. दोन्ही प्रकारें तो फसवितो. आंस जेथें ओठ बसतो त्याच्या लगत, न झिजलेल्या जागीं, व्हर्नियर कॅलिपरनें मोजावा, आणि खोबणी आंतून मोजावी. विलीज वळणाच्या जुन्या जीपा इंचांच्या मापाच्या आहेत, हें येथें विसरतां कामा नये. अडीच इंचांची खोबणी म्हणजे ६३.५ मिलिमीटर. तिच्यांत ६३ चें सील सैल पडून फिरूं लागतें व ६४ चें ठोकतांना वाकतें. ‘अर्ध्या मिलिमीटरनें काय होतें’ असें म्हणणाऱ्या दुकानदाराकडून सील घेऊं नये.

मापानंतर प्रकार. एका ओठाचें व दोन ओठांचें, असे दोन प्रकार सर्वत्र मिळतात; दुसऱ्यांत बाहेरच्या बाजूस धूळ अडविणारा एक लहान ओठ अधिक असतो. पुष्कळ कारखाने टीसी हीं अक्षरें रबरानें मढविलेल्या दोन ओठांच्या सीलास व एससी हीं एका ओठाच्या सीलास लावतात. शेतांत, ओढ्यांत, कच्च्या वाटेनें फिरणाऱ्या गाडीच्या हबास एका ओठाचें सील घालणें म्हणजे कुंपणावांचून ऊंस लावणें होय. जेथें मुळांत दोन ओठांचें होतें तेथें दोन ओठांचेंच घ्यावें, आणि दोन ओठांमधील पोकळींत ग्रीस भरावें. बाहेरच्या ओठास आंतील तेल पोंचत नाहीं. बाहेरील कडें रबरानें मढविलेलें असेल तर गंजलेल्या वा चरे पडलेल्या खोबणींत तें अधिक चांगलें धरतें. चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरांच्या पुढील हबांत कॅसेट सील म्हणून एक निराळीच जात असते. तिच्यांत ओठ व ओठाचा घांसण्याचा पृष्ठभाग दोन्ही एकाच डबींत बंद असतात, व चिखल अडविण्यासाठीं आंत अनेक ओठांची भूलभुलय्या असते. तिच्या जागीं स्वस्त साधें सील घालून चिखलणी उरकण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनीं बेअरिंगाचे पैसेहि आधींच बाजूला काढून ठेवावे.

रबराविषयीं बाजारांत फार गैरसमज आहे. तपकिरी रंगाचें, चौपट किंमतीचें ‘व्हिटन’ घ्या, तें कायमचें टिकतें, असें सांगणारे भेटतात. व्हिटनचा गुण उष्णता सोसण्याचा आहे. दोनशें अंश सेल्सियसपर्यंत तें टिकाव धरतें. परंतु हबाचा शत्रु उष्णता नसून चिखल आहे. सुमारें शंभर अंशांपर्यंत साधें नायट्रिल रबर उत्तम काम देतें व गियरच्या तेलानें बिघडत नाहीं. हब त्याहून तापत असेल तर ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग आवळलें गेलें आहे, तें पाहावें. महाग सीलानें तें दुखणें झांकूं नये. शिवाय रंग हा कांहीं पुरावा नव्हे. रबरास कोणताहि रंग देतां येतो.

‘अस्सल कंपनीचेंच घ्यावें’ हा उपदेश आम्हांस अर्धा मान्य आहे. कॅसेट सील गाडीच्या कारखान्याच्या क्रमांकानेंच घ्यावें, कारण तें मापावरून जुळविणें कठीण. साध्या सीलास मात्र कोणत्याहि नांवाजलेल्या सील-कारखान्याचें, बरोबर मापाचें सील चालतें; गाड्यांचे कारखाने तरी सीलें बहुधा अशाच ठिकाणांहून विकत घेतात. भीति आहे ती बनावट मालाची. ओठाची कड नखाखालीं फिरवून पाहावी. ती एकसारखी व तीक्ष्ण असली पाहिजे. तुटक, जाड किंवा कडक लागली तर पुडक्यावर कोणाचेंहि नांव असो, परत करावें.

इतकें करूनहि सील गळतें, तेव्हां सीलाला शिव्या देण्यापूर्वीं कारण शोधावें. चाक जॅकवर उचलून वर-खालीं धरून हलवावें. हाललें तर बेअरिंग सैल आहे, आणि डुलणाऱ्या आंसावर कोणतेंहि सील टिकणार नाहीं. आंसावरून नख फिरवावें. जुन्या ओठानें पाडलेली खांच नखास अडली तर त्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी, किंवा खोबणींत जागा असल्यास सील थोडें मागें-पुढें बसवून ओठ कोऱ्या जागीं आणावा. ॲक्सलच्या वर ब्रीदर म्हणून एक लहान श्वासछिद्र असतें. तें चिखलानें बुजलें कीं तापलेल्या तेलावरील हवा कोंडते व तेलास सीलांतून बाहेर ढकलते. याच्या उलटहि घडतें. रस्त्यानें दौडत आलेली गाडी तापल्या हबांसह तशीच पाण्यांत घातली तर आंतील हवा एकदम थंड होऊन आकसते, आणि हब ओठाखालून पाणी शोषून घेतो. कोंकण, मावळ व भंडाऱ्याकडील भातकऱ्यांनीं खाचरांत उतरण्यापूर्वीं गाडी थोडा वेळ बांधावर उभी करावी. पुढें तेल दुधाळ दिसलें तर पाणी शिरलें हें निश्चित. तें तेल त्याच दिवशीं काढून टाकावें. गवत, सुतळी व नायलॉनची दोरी हबामागें गुंडाळली जाऊन ओठ कापते, हें तर आम्हीं कितीदां पाहिलें आहे. आणि धुतांना पाण्याचा जोराचा फवारा थेट सीलावर मारणाऱ्या हौशी पोरांना आवर घालावा.

यांत केवळ खर्चाचा प्रश्न असता तर आम्हीं इतकें लिहिलें नसतें. ज्या जीपगाड्यांत मागील आंस स्वतःच चाकाचा भार वाहतो, त्यांत सील ब्रेकच्या ड्रमाला लागूनच असतें. गळलेलें तेल प्रथम ब्रेकच्या लायनरवर जातें. ट्रॅक्टरांपैकीं हल्लींच्या पुष्कळांचे ब्रेक तेलांतच बुडालेले असतात, त्यांना हें भय नाहीं. परंतु कोरड्या ब्रेकांचे जुने ट्रॅक्टर अद्याप सर्वत्र आहेत. एका चाकाचा ब्रेक तेलकट झाला कीं दुसरेंच चाक धरतें व गाडी एका बाजूस खेंचली जाते. उंसानें भरलेली ट्रॉली मागें असतांना, उतारावर, हें होणें म्हणजे काय, तें सांगावयास नको. तेल प्यालेलें लायनर पेट्रोलनें धुऊन पुन्हां बसविण्याची कंजूषी करूं नये, तें बदलावेंच.

आपल्या संघास आमची एक सूचना आहे. संघाच्या दुकानांत एक नोंदवही ठेवावी. सभासदानें आपल्या गाडीचा नमुना, ॲक्सलवरील क्रमांक, आणि पुढील-मागील सीलांचीं तीन-तीन मापें तींत एकदां लिहून द्यावीं; त्यासाठीं एक चांगला कॅलिपर संघानें विकत घेऊन सभासदांस वापरावयास द्यावा. ज्या मापांस मागणी अधिक, तीं सीलें रोहिणी नक्षत्राच्या आंत आणून ठेवावीं. मात्र तीं खिळ्यास माळेसारखीं टांगूं नयेत, ओठ वाकडा होतो. मूळच्या पुडक्यांत, आडवीं, उन्हापासून दूर ठेवावीं, व आधीं आलेलीं आधीं विकावीं.