अंगणातील नळाचा अडकलेला व्हॉल्व्ह

उन्हाळा तोंडावर आला की डोळखांबच्या बाजूस पाण्यावाचून दुसरा विषय निघत नाही. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईस पाणी पुरवीत आहे. भातसा धरणाचे पाणीही तिकडेच जाते. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातील, आणि याच तालुक्यातील कित्येक पाड्यांस वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. हे गाऱ्हाणे खरे आहे व ते मांडलेच पाहिजे. परंतु जे थोडे पाणी आपल्या दारी पोहोचते त्याची राखण आपण कशी करतो, याचाही विचार शेतकरी बंधूंनी करावा, असे आम्हांस वाटते.

गोठ्याजवळचा नळ गळू लागतो. काम केवळ वायसर बदलण्याचे; पण नळामागील व्हॉल्व्ह हलत नाही. मग साऱ्या आळीचे पाणी बंद करा, नाहीतर नळ गळू द्या. बहुधा दुसरा मार्ग पत्करला जातो. टाकीवरील नळ मिनिटास २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर, गळत राहिला तर अहोरात्रीत २८८ लिटर पाणी जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या मानाने पाच माणसांचा वाटा चिखलात जातो!

व्हॉल्व्ह अडकण्याचे मुख्य कारण, तो वर्षानुवर्षे कोणी फिरवीत नाही, हेच होय. पाण्यातील क्षार आत साचतात, खड्ड्यातील चिखलाने लोखंड गंजते, आणि दांड्याभोवतीची दोरी वाळून त्यास घट्ट धरते. अशा वेळी पान्याला लांब पाईप लावून जोर करणे हा शुद्ध अविचार होय. त्याने दांडा तुटतो. प्रथम टाकीकडून पाणी बंद करावे. दांडा घासून स्वच्छ करावा, ग्लँड नट किंचित सैल करावा, गंज सोडविणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून काही तास थांबावे. मग एका पान्याने व्हॉल्व्हचे अंग धरून चाक थोडे उघडण्याच्या, थोडे मिटण्याच्या दिशेने फिरवावे. न हलल्यास कढत पाण्याचे फडके गुंडाळावे. जवळ प्लास्टिकचा पाईप असल्यास तेही टाळावे, आणि जाळ तर कधीच लावू नये. मोकळा झाल्यावर नट पुन्हा आवळावा, व पूर्ण उघडल्यावर चाक पाव फेरा मागे घ्यावे. इतके करूनही न हलणारा व्हॉल्व्ह बदललेला बरा.

हे काम फिटरचे, असे कोणी म्हणतील. बदलण्याचे काम खुशाल त्याचे असो. फिरविण्याचे मात्र घरधन्याचेच आहे. नांगराचा फाळ पेरणीच्या दिवशी शोधावयास कोणी निघत नाही. मृगापूर्वी एकदा व दिवाळीनंतर एकदा प्रत्येकाने आपला व्हॉल्व्ह पूर्ण मिटून उघडावा, आणि ग्रामपंचायतीने आळीच्या व्हॉल्व्हचेही तसेच करावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. यास खर्च नाही, वेळही घटकाभराचा. धरणाच्या पाण्यावरील आपला हक्क मागताना आपले अंगण कोरडे असेल, तर त्या मागणीस अधिक वजन येईल.